पन्नास सायकलचा माणूस

नोकरीला लागून मला दोन महिने झाले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी टायपिस्ट होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत इन्स्ट्रुमेंट सेक्शनचे एक टेक्निशियन माझ्या टेबलापाशी आले आणि एक कागद पुढे ठेवून म्हणाले, "ताई, हे इंग्रजीत करून टाइप करून द्याल का? खासगी आहे. कागद माझे आहेत. रिबन ऑफिसची झिजेल, पण तसं मी हेडक्लार्कना सांगून ठेवलंय."

कागदावर मराठीत लिहिलं होतं: 'तिसऱ्या गाण्यात एक माणूस दोनदा खोकतो. तो खोकला मूळचा आहे. पाचव्या गाण्यात डावीकडचा आवाज चार सेकंद बसतो, तो दोष माझ्याकडे आलेल्या टेपचा आहे. शेवटच्या गाण्याआधी कट् असं वाजतं, तो दोष माझा आहे. क्षमा असावी.'

पत्र शिलाँगच्या एका शाळेतल्या बाईंना जाणार होतं. मी देवळ्याची. कांद्याच्या बाजाराला लागून आमचं घर, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली ती नाशिकला येऊन. शिलाँग नकाशात कुठे येतं हेही मला नीट ठाऊक नव्हतं. मी भीतभीत विचारलं, "खोकला कोणाचा?"

"ते माहीत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "पण इंग्लंडातला आहे."

पुढची सहा-सात वर्षं मी त्यांची पत्रं टाइप केली. मी त्यांना दादा म्हणायचे. वय चाळिशीच्या अलीकडे, अंगाने किरकोळ, खिशात कायम स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस. त्या वासामुळे गेटवर नवीन वॉचमन आला की पहिले चार दिवस त्यांना बाजूला घ्यायचा. दादा निमूटपणे बाटली दाखवायचे आणि म्हणायचे, "हेड साफ करायला." वॉचमनचा गोंधळ आणखी वाढायचा. टेपरेकॉर्डरमध्ये जिथे फीत घासून जाते, त्या भागाला हेड म्हणतात, हे मला स्वतःला कळायलाही आठवडा लागला होता. एकदा मी सुट्टीवरून परत आले, तर माझ्या टाइपरायटरची सगळी अक्षरं लख्ख झालेली. 'ई'च्या पोटात शाई साचून तो भरीव उमटायचा, तो नीट उमटायला लागला. कोणी केलं हे विचारावं लागलं नाही, टेबलाला वास येत होता.

दादांचा छंद असा, की विलायती रॉक बँडांच्या कार्यक्रमांची चोरूनमारून झालेली ध्वनिमुद्रणं गोळा करायची, ती दुरुस्त करायची आणि ज्याला हवीत त्याला द्यायची. दुकानात मिळतात त्या रेकॉर्डींत त्यांना रस नव्हता. "ते खोलीत बसून केलेलं असतं," ते म्हणायचे. "चुकलं की परत. समोर माणूस नाही, काही नाही." त्यांना माणसांसमोर झालेलं हवं असायचं. कोणीतरी गर्दीत कोटाखाली लपवून टेप केलेलं, त्याची कॉपी, तिची कॉपी, असं करत करत आठवी-नववी नक्कल नाशिकरोडला दादांच्या घरी पोचायची. तोवर त्यात खरखर इतकी भरलेली असायची, की मला तर आधी फक्त खरखरच ऐकू यायची.

देशभरात असे पंधरा-वीस जण त्यांनी जोडले होते. पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ, मिरजेला डॉक्टरकी शिकणारा एक मुलगा, शिलाँगच्या त्या बाई, असे. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. कोरी कॅसेट पाठवायची, भरलेली यायची. अट एकच, पुढे निदान दोघांना द्यायची. "आपल्यापाशी अडकली म्हणजे मेली," हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. दुसरं नेहमीचं वाक्य म्हणजे, "काढता येईल तेवढं काढायचं, घालायचं काही नाही." खरखर काढायची, वेग बरोबर करायचा, पण जे तिथे झालं नाही ते आत शिरता कामा नये. मिरजेच्या मुलाने एकदा लिहिलं, की एक गाणं मध्येच तुटतंय तिथे रेकॉर्डवरचा तुकडा जोडा. दादांनी मला उत्तर सांगितलं, "लिहा, डॉक्टर होताय, पेशंटला दुसऱ्याचा पाय लावाल का?" मी ते जरा मऊ करून लिहिलं.

त्यांचं विजेचं वेड तर ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्याला आमच्याकडे सगळे सायकल म्हणत. मागणी वाढली की हा आकडा खाली येतो, आणि दादांचं जुनं स्पूलचं मशीन, म्हणजे मोठ्या उघड्या रिळांवर फीत चालणारा टेपरेकॉर्डर, त्याच आकड्यावर फिरायचं. वीज रेंगाळली की मशीन रेंगाळायचं, गायकाचा आवाज जाड व्हायचा. म्हणून कॉपी करायची ती रविवारी सकाळी, सातपूर-अंबडचे कारखाने बंद असताना. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते कंट्रोल रूमला फोन लावायचे. "किती आहे?" पलीकडून उत्तर यायचं, "एकोणपन्नास पॉइंट दोन." "मग नको." अर्ध्या तासाने पुन्हा. "एकोणपन्नास पॉइंट नऊ" असं उत्तर आलं, की फोन ठेवून लेंगा सावरत घराकडे पळत सुटायचे. वस्तीतल्या बायका नळावरून म्हणायच्या, "पन्नास झाले वाटतं."

या विजेचाच त्यांनी एक भारी उपयोग शोधला होता. प्रत्येक टेपमध्ये मागे एक बारीक घुमी असते, तिथल्या विजेचा घुमणारा आवाज. इंग्लंडची वीजही आपल्यासारखीच पन्नासाची. ती घुमी नेहमीपेक्षा चढी ऐकू आली, तर टेप जोरात पळतेय असं समजायचं. मग मशीनच्या चाकावर चिकटपट्टीचे वेढे कमी-जास्त करून ते घुमी जागेवर आणायचे. घुमी जागेवर आली की गाणं आपोआप जागेवर. पुण्याच्या गृहस्थांनी यावर लिहिलं होतं, की असा विचार करणारा दुसरा माणूस मला देशात माहीत नाही. मी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा दादांचे कान लाल झाले होते.

मुळात हे त्यांना लागलं कुठून, तर देवळाली कॅम्पातून. मॅट्रिकनंतर ते कॅम्पाच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. एका लष्करी अधिकाऱ्याने स्पूलचं मशीन दुरुस्तीला टाकलं होतं, सोबत लाल डब्यात एक स्पूल. मशीन घेऊन गेला, स्पूल विसरला, आणि त्याची बदली झाली. ते स्पूल दुकानात मशीन तपासायला वापरायचे. दादा सांगायचे, "गाणं मला पहिल्यांदा आवडलंच नव्हतं. तो नुसता ओरडायचा. पण गाणं संपलं आणि माणसांचा आवाज आला ना, तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आपल्याकडचंच आहे."

आपल्याकडचं म्हणजे जलसा. त्यांचे वडील शाहीर होते. दिवसा रेल्वेत गँगमन आणि जयंतीच्या दिवसांत गावोगाव जलसे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाशिकरोडच्या वस्तीत दोन खोल्यांत दादा आणि त्यांची आई राहायचे. लग्न केलं नव्हतं. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत छतापर्यंत कॅसेट, आणि त्यांच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणायला लागले, दारात मेथी निवडत बसलेल्या. आत इंग्रजी गाणं चाललेलं. मला म्हणाल्या, "बस गं. त्याचा इंग्रजी जलसा चाललाय. तो वरडणारा पोरगा एक दिवस गळा फाडून घ्येईल, बघ."

त्या लाल डब्यातला कार्यक्रम हे दादांचं सगळ्यात मोठं काम. मूळ स्पूल अर्धवट होतं. पुढच्या बारा वर्षांत इकडूनतिकडून त्याच कार्यक्रमाच्या आणखी तीन नकला त्यांनी मिळवल्या. एकीत सुरुवात होती, एकीत शेवट, एकीत मधली दोन गाणी. ब्लेडने कापून, जोडपट्टी लावून त्यांनी तो सलग केला. एकच जागा राहिली होती. चौथं गाणं संपतं न संपतं तोच धाडकन पाचवं सुरू व्हायचं. मुद्रण करणाऱ्याने तिथे फीत बदलली असणार, त्यामुळे मधल्या टाळ्या कोणाच्याच नकलेत नव्हत्या. ऐकताना तिथे ठेच लागायची. सगळे लिहायचे, बाकी उत्तम, तेवढं एक काहीतरी करा.

आणि मग एका वर्षी दादांनी ती जागा भरून पाठवली. चौथं गाणं संपायचं, भरगच्च टाळ्या व्हायच्या, त्या हळूहळू ओसरायच्या आणि पाचवं सुरू व्हायचं. सोबतच्या पत्रात फक्त एवढंच होतं, की 'राहिलेला भाग मिळाला.' मीच टाइप केलं होतं. दोषांच्या यादीत त्या वेळी काहीही नव्हतं, हे मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं. एकोणीस कॅसेट गेल्या. शाबासकीची पत्रं आली. पुण्याच्या गृहस्थांनी त्यांची एक नक्कल ओळखीने जर्मनीला धाडली.

सात-आठ महिन्यांनी जर्मनीहून पत्र आलं. दादा ते घेऊन माझ्याकडे आले आणि वाचून दाखवा म्हणाले. लिहिणारा पोस्टमन होता. त्याने खूप कौतुक केलं होतं, आणि शेवटी एक शंका विचारली होती. चौथ्या गाण्यानंतरच्या टाळ्यांत एक माणूस दोनदा मोठ्याने ओरडतो, 'वन्स मोर'. मी या बँडचे कार्यक्रम लंडनला जाऊन ऐकले आहेत. तिथे असं कोणी ओरडत नाही. हा माणूस कोण असावा?

मी हसले. म्हटलं, "दादा, वन्समोर म्हणजे आपल्याकडचाच दिसतोय कोणीतरी. पोचला वाटतं तिकडे."

दादा हसले नाहीत. त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि सेक्शनला निघून गेले. नंतर दोन दिवस रजेवर होते. तिसऱ्या दिवशी आले, स्टूल ओढून बसले. त्याआधी ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

"ताई, एकोणीस पत्रं आहेत. मजकूर एकच."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. चौथ्या गाण्यानंतरच्या टाळ्या त्या कार्यक्रमातल्या नाहीत. त्या मी दुसरीकडच्या जोडल्या. कॅसेट परत पाठवावी, मी पहिल्यासारखी करून देईन. ज्यांना पुढे दिली असेल त्यांनाही कळवावं.

मी इंग्रजीत 'चुकून' अशा अर्थाचा शब्द घातला. त्यांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी थोडंफार वाचता यायचं. त्यांनी तो बोटाने दाखवला. "हे काढा."

"राहू द्या ना दादा. वाईट दिसतं."

"चुकून नाही केलं. मुद्दाम केलं. तसंच लिहा."

"पण कुठल्या टाळ्या आहेत त्या?"

"ते पत्रात नको," ते म्हणाले.

हळूहळू कॅसेट परत यायला लागल्या. मिरजेच्या मुलाची नुसतीच कॅसेट आली, आत एक ओळही नव्हती. शिलाँगच्या बाईंनी लिहिलं, की आपण स्वतःहून कळवलंत हे बरं केलंत, पण आता तुमच्या बाकीच्या कॅसेट ऐकतानाही मला शंका येते. ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. दादा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पुढे वाचा." पुण्याच्या गृहस्थांनी पत्र पाठवलं नाही. रविवारी येतो, एवढंच एका कार्डावर कळवलं.

"ताई, तुम्ही या त्या दिवशी," दादा म्हणाले. "मला त्यांच्याशी बोलता येणार नाही."

गृहस्थ सकाळच्या गाडीने आले. पांढरा सदरा, खांद्याला शबनम, पन्नाशीचे. इतकी वर्षं पत्रं लिहून दोघे एकमेकांना प्रथमच बघत होते. खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत.

"मी ती कॅसेट तीस जणांना दिली आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाला सांगितलं, की नाशिकचा हा माणूस एक सेकंदही खोटा घालत नाही. माझ्या शब्दावर घेतली लोकांनी. मला फक्त एवढं सांगा, त्या टाळ्या कोणाच्या आहेत?"

दादा उठले. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक स्पूल काढलं. फितीच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. मशीनवर चढवून त्यांनी सवयीने हेडफोन उचलला, मग थांबले, तो बाजूला ठेवला आणि स्पीकर लावला.

आधी नुसती घरघर. त्यातून ढोलकीचा एखादा ठोका, एक तुटका शब्द, पुन्हा घरघर. असं दोन-तीन मिनिटं. मग एकदम आवाज स्वच्छ झाला आणि टाळ्या. कितीतरी वेळ टाळ्या. त्यात एक खणखणीत आवाज, "वन्समोर, शाहीर, वन्समोर." 'शाहीर' हा शब्द दादांनी कापून काढला होता, हे तेव्हा कळलं.

"गाणं कुठे आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"गेलं. पेटीत पाणी शिरलं होतं. स्पूल बाहेरून कुजत आत जातं. आतलं शेवटचं तेवढं राहिलं." दादा मशीनकडे बघत बोलत होते. "वडील आहेत ते. जयंतीचा जलसा होता. आमच्या दुकानाचे मालक मशीन घेऊन आले होते टेप करायला, म्हणून मला दुकानात थांबावं लागलं. स्पूल हाती आलं तोवर माझं दुकान सुटलं होतं, आणि घरी मशीन नव्हतं. पुढच्या वर्षी वडील गेले. मी मशीन घेतलं तोवर हे असं झालेलं. ते गाणं मी ऐकलेलंच नाही."

गृहस्थ आता बसले.

"माझ्या वडिलांना एवढ्या टाळ्या मिळाल्या होत्या," दादा म्हणाले, "आणि त्या या पेटीत पडून होत्या. म्हटलं, यांच्यात घालून दिल्या तर फिरतील तरी. शिलाँगला जातील, जर्मनीला जातील. चूकच केली. पण केली ती अशी."

तेवढ्यात आतल्या दारात मावशी उभ्या असलेल्या मला दिसल्या. हाताला पीठ होतं. त्या मशीनकडे बघत होत्या.

"हे आपल्या मैदानातलं हाय ना रे?" त्या म्हणाल्या. "आणि वन्समोर म्हणतोय तो तुझा चुलता. त्याला दुसरं काय येत नव्हतं."

दादा वळले. "तुला कसं माहीत?"

"मी मागं उभी होते. कोरसात. हे नवं गाणं होतं, त्याच साली बांधलेलं. एकदाच म्हटलं गेलं."

"तुला येतं?"

"येतं की."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू कधी ऐकवलं का? कानाला ते लावून बसायचा. मला वाटलं, तुझं इंग्रजीच चाललंय."

दादांनी जुनं स्पूल उतरवलं. मग त्यांनी एक कोरं स्पूल काढलं. ते त्यांनी चढवलं, आणि गृहस्थांनी उठून फितीचं टोक चाकात अडकवून दिलं. मावशींनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीवर बसून पाटावर बोटांनी ठेका धरला.

'लेक माझी शाळंला जाईल, गं बाई, शाळंला जाईल.' आवाज चिरका होता, पण ठाम. दोनदा म्हणून त्या थांबल्या. पाटावर बोटं मात्र चालूच राहिली. आम्ही वाट बघत होतो. बरीच वाट बघितली. मग बरोबर ठेक्यावर त्यांनी मान उचलली आणि पुन्हा तीच ओळ म्हटली, आणि पुन्हा थांबल्या.

तिसऱ्या वेळी दादा हळूच म्हणाले, "आई, मधलं?"

"मधलं कडवं. तिथं तुझा बाप म्हणायचा."

"शब्द आठवतात तुला?"

"आठवतात."

"मग म्हण ना."

मावशींनी ठेका सोडला नव्हता. "ते त्यांचं होतं," त्या म्हणाल्या. "आमचं एवढंच." आणि कडव्याएवढा वेळ भरत आला तशी त्यांनी पुन्हा आपली ओळ उचलली. अशी चार कडवी झाली. चारही वेळा त्या तेवढाच वेळ गप्प राहिल्या.

गृहस्थ दुपारी जेवून गेले. लाल डब्याच्या कार्यक्रमाची ठेच लागणारी जुनी नक्कल दादांनी सगळ्यांना पुन्हा करून दिली. मिरजेच्या मुलाचं पत्र पुढे कधी आलं नाही. शिलाँगच्या बाईंनी वर्षभराने पुन्हा कोरी कॅसेट पाठवली. पुण्याचे गृहस्थ मात्र मधूनमधून रविवारी येत राहिले आणि टेपपेक्षा मावशींशीच जास्त बोलत.

मावशी त्यानंतर चार वर्षांनी गेल्या. त्या कोरसातल्या दोन म्हाताऱ्या वस्तीत होत्या, त्यांना कडवी आठवत नव्हती. दादा कामावर परत आले त्या आठवड्यात मी त्यांना विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"दादा, चार वर्षं होती तुमच्यापाशी. नुसते शब्द तरी लिहून घ्यायचे. म्हणायला लावायचं नाही, नुसतं सांग म्हणायचं."

ते कापसाने चष्मा पुसत होते.

"सांगितलं असतं तिने," ते म्हणाले. "मी हट्ट केला असता तर म्हटलंही असतं. पण त्या दिवशी ती थांबायची ना, तेव्हा तिचा चेहरा बघितला होता का तुम्ही? तिला ऐकू येत होतं, ताई. मी कसं मध्ये बोलणार?"